रडला तर कुणाला बोलवू?

सांभाळयंत्र दीड वर्षाच्या ऋजूला कडेवर घेऊन पाळणाघराच्या दारात उभं होतं. यंत्राने मूल ठेवायला आणणं पाळणाघर चालवणाऱ्या नीरजाला नवीनच होतं.

"घरी तू असताना इथे कशाला?"

"तो मला आई म्हणायला लागलाय."

"त्याच्या आईला माहितेय?"

"तिनेच ऐकलं. काल जेवली नाही. इथे ठेवायला ती हो म्हणालीये."

नीरजा तरी घुटमळली. मग तिने नेहमीचा प्रश्न विचारला, "फारच रडला तर तुला बोलवू ना?"

"नको. तिला बोलवा. न्यायलाही तीच येईल."

नीरजाने हात पुढे केले. यंत्राने गळ्याभोवतीची चिमुकली बोटं हळूच सोडवली.

निघताना 'येते' म्हणायचं, हे त्याला शिकवलेलं होतं. तरी ते म्हणालं, "जाते."