मिरच्यांचं तेल
आमच्या रोसारिओ शहरात रविवारी मांस भाजणाऱ्याला टाळ्या मिळतात, भाज्या करणारीला खरकटी भांडी. त्या रविवारी भर उन्हात दीर ओस्वाल्दो बारापासून शेगडीशी झटत होता, तरी मांस कच्चंच. तोवर मी पहाटे भाजून तेलात मुरवलेल्या ढोबळ्या मिरच्यांची सँडविचं सगळ्यांनी फस्त केली. "वहिनी, असल्या पाल्याने पुरुषाचं पोट भरत नाही," चौथं सँडविच कोंबत तो म्हणाला. अडीचला मांस आलं. "वाजवा टाळ्या!" सासूबाई ओरडल्या. मी सोडून सगळ्यांच्या टाळ्या पडल्या, त्यांच्या बोटांवरून माझ्या मिरच्यांचं तेल उडालं. "तुझे हात झडले का गं?" त्यांनी विचारलं. पुढच्या रविवारी मी रिकाम्या हाताने गेले. "सँडविचं कुठायत?" ओस्वाल्दोनेच चारदा विचारलं. तीनला मांस आलं. भुकेने वैतागलेल्या गोतावळ्यात कुणाचाच हात हलला नाही. मी एकटीने टाळ्या वाजवल्या. हात कोरडे होते. आवाज खणखणीत आला.