पहिली यादी

हेडक्लार्कने हस्तलिखित यादीत स्वतःचा नंबर पाहिला आणि त्याची बोटं टाइपरायटरवर तशीच राहिली.

बेचाळीस. पहिल्या यादीत, सगळ्यात वर.

पहिली यादी म्हणजे काय, हे शाळेच्या त्या इमारतीत मुक्काम ठोकलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मागच्या आठवड्यात पहिली यादी पुलावर गेली होती. आठ जण गेले, तिघे परत आले. दुसरी यादी मागे गोदामावर पहाऱ्याला राहिली आणि बटाटे सोलत बसली.

त्याने कागद पुन्हा वाचला. हवालदाराचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, पण आकडे स्वच्छ होते. दुसऱ्या यादीत शेवटी एकोणीस. एकोणीस म्हणजे खुद्द हवालदार.

चार महिन्यांपूर्वी हाच माणूस पाणीपुरवठा कचेरीत शिपाई होता आणि हेडक्लार्कच्या टेबलावर चहा ठेवत होता. राखीव दलाच्या कवायतीला मात्र तो दर रविवारी न चुकता जायचा. हेडक्लार्क दर रविवारी डॉक्टरांचं सर्टिफिकेट पाठवायचा. मग युद्ध सुरू झालं, राखीव दलाला बोलावणं आलं आणि एका सकाळीत कचेरीतला शिपाई हवालदार झाला, हेडक्लार्क साधा शिपाई. पहिले दोन दिवस सगळी तुकडी हसली. तोफा जवळ आल्यावर हसणं बंद झालं.

हवालदार अजूनही त्याला साहेबच म्हणायचा. साहेब, बूट घट्ट बांधा. साहेब, डोकं खाली. ते 'साहेब' ऐकलं की हेडक्लार्क नजर चुकवायचा.

त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी शिपायाची बायको अडली होती. दवाखाना लांब, घरात दुसरं कोणी नाही, म्हणून त्याने तीन दिवसांची रजा मागितली. वार्षिक तपासणी तोंडावर होती. हेडक्लार्कने अर्ज न वाचताच परत केला. शिपाई चौथ्या दिवशी पोचला तेव्हा बाळाला पुरून झालं होतं. त्यानंतर तो पुन्हा चहा आणून ठेवू लागला, एक अक्षर न बोलता.

"झालं का, साहेब?"

हवालदार दारात उभा होता.

"होतंय." हेडक्लार्कने यादीवर बोट ठेवलं. "हवालदारसाहेब, कुठली यादी कुठे जाणार?"

"ते ट्रकजवळच सांगायचं, असा कॅप्टनचा हुकूम आहे. आधी कळलं तर लोक एकमेकांच्या उरावर बसतील." हवालदार आत आला, खिडकीपाशी थांबला. "वहिनीसाहेबांचे दिवस कधी भरतायत?"

"याच आठवड्यात."

"लग्नाला बारा वर्षं झाली ना तुमच्या?"

"हो."

लांब कुठेतरी तोफ वाजली. खिडकीची तावदानं थरथरली. हवालदार बाहेरच बघत होता.

"ती रजा मी विसरलेलो नाही, साहेब."

"तेव्हा तपासणी होती," हेडक्लार्क कसाबसा म्हणाला.

"होती ना." हवालदार दाराकडे वळला. "चारला ट्रक निघतील. तासाभरात कागद द्या."

तो गेल्यावर हेडक्लार्कने यादी पुन्हा समोर ओढली. तो भ्यायला होता. बाळाचं तोंड बघायच्या आधी आपण मरणार, आणि हा माणूस मागे राहून बटाटे सोलणार. दोन वर्षं दात धरून बसलाय, असं त्याला वाटलं.

मग त्याने टाइप करायला घेतलं. पहिल्या यादीत सगळ्यात वर: एकोणीस. हात एकदाच थांबला. एकोणीस नंबरच्या घरीही बायको होती. पण तिच्या पदरात मूल नाही, आणि आपल्याकडे येणार आहे, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या यादीत शेवटी त्याने बेचाळीस टाइप केलं. मूळ कागद चुरगळून बुटात कोंबला.

हवालदार आला आणि न बघताच कागदाची घडी घालू लागला.

"वाचून घ्या एकदा," सवयीने हेडक्लार्कच्या तोंडून निघून गेलं आणि त्याने जीभ चावली.

"तुम्ही टाइप केलेलं काय वाचायचं? सोळा वर्षं तुमचे कागद सहीला नेतोय. एक आकडा कधी चुकला नाही."

पाच मिनिटांत तो सही घेऊन परतला. "झालं. आता खुद्द कॅप्टनलाही यात काही बदलता यायचं नाही. वर कळवलंसुद्धा."

हेडक्लार्कने खुर्चीची पाठ धरून ठेवली.

चार वाजता मैदानात सोळा जण रांगेत उभे राहिले. दोन ट्रक सुरू होते. एक जण सारखा शर्टाचं एकच बटण लावत होता, काढत होता. हेडक्लार्कने नजर जमिनीवर ठेवली होती. हवालदाराचं तोंड बघायची त्याची छाती नव्हती.

"नीट ऐका," हवालदार म्हणाला. "या खेपेला उलटं आहे. दुसरी यादी पुलावर. पहिली यादी शहराकडे, दहा दिवस घरी."

रांगेतून एक दबका आवाज उमटला. हेडक्लार्कने मान वर केली. हवालदार त्याच्याकडेच बघत होता आणि चार महिन्यांत पहिल्यांदा हसत होता.

"पहिली यादी," तो त्याच्यावरची नजर न काढता म्हणाला. "पहिला नंबर, बे..."

मग त्याने कागदाकडे पाहिलं.

त्याचं बोट कागदावरून हळूहळू खाली सरकत गेलं, दुसऱ्या यादीच्या तळापर्यंत, आणि तिथे थांबलं. ट्रकचं इंजिन तेवढं घरघरत होतं. रांग सोडून तो हेडक्लार्कच्या अगदी समोर येऊन उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते.

"साहेब," तो इतक्या हळू म्हणाला की शेजारच्यालाही ऐकू गेलं नसतं, "ओळखलंत, तरी तुमची रजा मला दिलीत?"