एकूण म्हणजे कशाचं?

"तेरा," दादा म्हणाला आणि भिंतीवरच्या पडद्यावर त्याने बोट टेकवलं. "एकूण विक्रीच्या फक्त तेरा टक्के. पंधराच्या खाली गेलं की दुकान बंद. तुम्हीच ठरवलंय ना, बाबा?"

बाबांनी मान हलवली. "आकड्यांपुढे नातं नाही."

टेबलाभोवती सगळं घर बसलं होतं. बाबा बुटांच्या तीन दुकानांचे मालक. चौकातलं दुमजली दुकान दादाचं, स्टेशनजवळचं मधल्या भावाचं. धाकटी बहीण लहान मुलांच्या बुटांचं एका शटरचं दुकान चालवायची. आई टेबलाच्या टोकाला होती. कागदोपत्री ती भागीदार, म्हणून सहीपुरतं बोलावलेलं. कॉम्प्युटरपाशी ऑफिसची रिपोर्टवाली बसली होती. तिने आकडे मांडायचे, मत मांडायचं नाही.

धाकटीने पुन्हा पडदा वाचला. दादा चोपन्न, मधला तेहेतीस, ती तेरा. बरोब्बर शंभर. तिच्याकडे चार जणी कामाला होत्या. आज शटर वर करताना चौघींनी एकच विचारलं होतं, "ताई, उद्या यायचं ना?"

"यायचं म्हणजे? दहा मिनिटं लवकरच या," असं ती ठणकावून सांगून आली होती. आता माघार घ्यायची सोयच नव्हती.

"दादा, एक विचारू? एकूण म्हणजे कशाचं एकूण?"

"एकूण म्हणजे एकूण! गणितात पास झाली होतीस ना?"

मधला फिसकन हसला.

"तुम्हा दोघांचे मार्क मिळवूनही माझे जास्त होते," धाकटी म्हणाली. "म्हणून तर विचारतेय. हाच रिपोर्ट मी माझ्या मोबाइलवर उघडला, तर मी किती टक्के दिसते माहितीये? शंभर!"

"झोपेत उघडला असशील."

"चांगली जागी होते. मला फक्त माझं दुकान बघायची परवानगी आहे. मग माझं एकूण म्हणजे मीच! ज्याला जेवढं दिसतं, तेवढ्यालाच हा टक्क्यांचा रकाना एकूण धरतो. हो ना गं?"

रिपोर्टवालीने दादाकडे न बघता "हो" म्हटलं.

"आता हा पडद्यावरचा रिपोर्ट कुणाच्या लॉगिनने उघडलाय? दादाच्या. त्याला तिन्ही दुकानं दिसतात, पण हेड ऑफिसची बिलं दिसत नाहीत. अकरा शाळांमध्ये, वर्गावर्गात गुडघे टेकून पोरांच्या पायांची मापं घेतली मी. मोजेसुद्धा हुंगले! आणि बिलं निघाली हेड ऑफिसातून. ती माझ्या खात्यात कोण धरणार?"

दादाचा चेहरा पडला. त्याला हे ठाऊक होतं की काय?

"बाबांच्या लॉगिनने उघडा," धाकटी म्हणाली. "सगळं दिसतं ते फक्त त्यांना."

"काही गरज नाही," बाबा म्हणाले.

"बाबांना कशाला मध्ये ओढतेस?" दादा म्हणाला.

"घाबरला! दादा घाबरला!" धाकटीने डिवचलं.

"मी? उघडाच बाबा एकदाचं. हिचं तोंड तरी बंद होईल."

"नको म्हटलं ना!" बाबांचा तळहात टेबलावर आपटला. पाण्याचा ग्लास हिंदकळला.

लहानपणापासून हा हात आपटला की घरातला वाद संपायचा. धाकटीने ग्लास उचलला, पाणी पिऊन टाकलं आणि रिकामा ग्लास परत ठेवला.

"आपटा अजून. मी बसलेय. दुकान बंद करायचं तर करा, पण खऱ्या आकड्यावर करा. या तेरावर मी कुलूप लावणार नाही, आणि आई सही करणार नाही. हो ना गं, आई?"

आई पहिल्यांदाच बोलली. "उघडा की हो. पोरगी एवढं म्हणतेय तर. काय बिघडतंय?"

"मला तो पासवर्ड-बिसवर्ड आठवत नाही," बाबा म्हणाले.

"मला पाठ आहे." आई उठली, रिपोर्टवालीच्या शेजारी वाकली आणि एका बोटाने, पण एकदाही न चुकता, तिने तो टाकला.

पडदा क्षणभर पांढरा झाला. मग आकडे आले. धाकटीच्या दुकानापुढची रक्कम चांगलीच वाढली होती. शाळांची बिलं!

"बघा!" ती ओरडली. तेवढ्यात तिची नजर शेजारच्या रकान्यात गेली. अकरा टक्के.

"रक्कम वाढली आणि टक्के घटले?" मधला म्हणाला. "असं कसं?"

दादा हसायला लागला आणि मध्येच थांबला. त्याचे चोपन्नचे सत्तावीस झाले होते.

धाकटीने भराभर बेरीज केली. सत्तावीस, मधल्याचे साडेसोळा, आपले अकरा. साडेचोपन्न.

"मग उरलेले साडेपंचेचाळीस कुठे आहेत?" ती म्हणाली. "दादा, काय लपवलंस?"

"देवाशप्पथ, मला काही माहीत नाही!"

"खाली सरकव," धाकटीने सांगितलं. रिपोर्टवालीने बाबांकडे पाहिलं, मग आईकडे, आणि यादी खाली सरकवली.

चौथी ओळ होती. दुसऱ्या शहरातलं दुकान, आठ वर्षांपासून चालू, विक्री दादाच्याही वर. दुकान सांभाळणाऱ्याचं पूर्ण नाव प्रत्येक ओळीत असायचं, तसं इथेही होतं. पहिलं नाव तिघांपैकी कुणाच्याच ओळखीचं नव्हतं. मधलं नाव बाबांचं होतं.

आई जागेवर जाऊन बसली.

"हं," ती बाबांना म्हणाली, "आता सांगा. कुठलं दुकान बंद करायचं?"