पाडव्याचा पहिला घास
खलातला बत्ता ठणठणला आणि पाटावर बसलेले मामंजी वळले. देवास संस्थानाला राजे दोन, थोरल्या पातीचे आणि धाकट्या पातीचे, तसे त्यांच्या दुखण्यांनाही धनी दोन. थोरल्या पातीतले डॉक्टर मधुमेहासाठी गोड बंद करत, धाकट्या पातीतले वैद्य दम्याची मात्रा मधातूनच देत. सुनेने पाडव्याचा कडुनिंब वाटला, सगळ्यांसाठी गूळ कालवला, मामंजींची गोळी तेवढी बिनगुळाची वळली. “अगं, राईएवढा तरी गूळ घाल!” “डॉक्टरांनी बजावलंय ना, मामंजी.” “वैद्याला ताक नको, डॉक्टरला भात नको. मला जगवतात की छळतात लेकाचे?” संधिवाताने वाकड्या झालेल्या बोटांनी त्यांनी गोळी तोंडात टाकून वाटी भिरकावली. सून वाटी उचलायला वाकली. तिच्या बोटांना गूळ चिकटलेला होता. जसा पहिला घास तसं वर्ष, हे तिनेच लेकीला शिकवलेलं. “आई,” लेकीने विचारलं, “मग आजोबांचं वर्ष कडूच जाणार का गं?”