फौजेचं कांबळं

माझ्या कोंबडीच्या पिल्लांखाली आण्णांचं फौजेतलं कांबळं सापडलं. असं काही घडलेलंच नाही, हे आधी सांगून ठेवतो.

मागच्या खेपेची पिल्लं अंड्यातून निघाली आणि खाली अंथरलेल्या गुळगुळीत पेपरवर घसरली. पाय फाकले ते फाकलेच, एकही उठलं नाही. आण्णा म्हणजे माझे वडील, रिटायर सुभेदार. म्हणाले, "या खेपंला पिल्लं उभी राह्यली न्हाईत, तर तू फौजेच्या भरतीला पळायचं."

नवी पिल्लं निघाल्यावर मी लाकडाचा भुसा टाकला, तो त्यांनी खाल्ला. पोतं अंथरलं, धाग्यांत नख्या अडकल्या. मग अख्ख्या पाटणात मला एकच खरखरीत वस्तू दिसायला लागली.

चौथ्या दिवशी आण्णा पिल्लांच्या खोक्यात वाकले. कांबळ्यावर सतरा पिल्लं ताठ उभी.

"आवं आण्णा, त्यास्नी थंडी लय..."

"गप. फौजेच्या कांबळ्यावर झोपायचं, तर फौजेच्या टायमाला उठायचं. आन् तू बी."



मा. सुभेदारसाहेब यांस विनंती अर्ज: सदर सतरा पिल्ले वयाने फक्त चार दिवसांची असल्याने, त्यांना व त्यांच्यामागे धावणाऱ्या अर्जदारास पहाटे पाचच्या परेडमधून सूट मिळावी.