सुगंधाच्या पाहुण्याचा आवाज

"सुगंधा, चहा टाक गं!"

सुगंधाच्या सुपातले तांदूळ सांडले. अगं बाई, तोच घोगरा आवाज! तिच्या नवऱ्याचा, दत्तारामचा. दत्ताराम जाऊन दोन वर्षं झाली होती. दारात उभी होती पाच वर्षांची नात पिंकी, खुदुखुदु हसत.

हा आवाज पहिल्यांदा आला तो गेल्या साली, नव्वदमध्ये. सर्दी नाही, खोकला नाही, पोरीचा गळा बसला तो बसलाच. सून मंदा म्हणाली, डॉक्टरला दाखवू.

"गप गो! हे आलेत घरात," सुगंधा म्हणाली.

झालं! रत्नागिरीची माणसं, पितरांना कोण नाही म्हणणार? मुंबईजवळच्या पूनम सागर सोसायटीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत दत्तारामच्या फोटोपुढे रोज ताट लागलं, विडी ठेवली गेली. "अवो, गावचं घर शाकारू काय?" म्हातारी नातीलाच विचारायची. पोर घोगऱ्या आवाजात हो म्हणायची. आजीला नावाने हाक मारली की लाडू मिळतो, हे तिला बरोबर कळलं होतं.

मग एकदा जेवताना पोर निळी पडली. मुंबईच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी घशात नळी घालून पाहिलं. स्वरयंत्रावर चामखिळींचा घोस. विषाणूमुळे होतात, म्हणाल्या, आणि ऑपरेशन करून काढल्या. "पण त्या परत येतात. आवाज बसला की लगेच आणा, नाहीतर श्वास कोंडेल."

पिंकी घरी आली ती मंजुळ बोलत. मंदाने पेढे वाटले. सुगंधा मोरीत जाऊन रडली. दुसऱ्यांदा कुंकू पुसल्यासारखं वाटलं तिला.

आणि आज हे! मुलगा, सून दोघं कामावर. आवाज ऐकला तो एकट्या सुगंधाने. दोनच दिवस राहू देत की, तिचा जीव म्हणत होता. कोणाला कळतंय? तिने पोरीला कुशीत ओढलं.

"परत म्हण गो."

"सुगं..." पोर मध्येच थांबली. श्वास आत घेताना तिच्या गळ्यात बारीक शिट्टी वाजली.

सुगंधा उठली. शेजारच्या गुजराती भाभीकडून तिने मंदाच्या ऑफिसात फोन लावला. "लगेच ये, पोरीचा आवाज बसलाय." परत येऊन पिंकीच्या पायात चपला घातल्या. फोटोपुढचं ताट उचललं, विडी उचलली. डोळे वाहत होते, ते तिने पुसलेही नाहीत.

"अवो, जावा आता तुम्ही," ती फोटोला म्हणाली. "पोरीच्या गळ्यात दोघांना जागा नाय."