पसंतीपुरती स्पॅनिश

“पोरगी मोबाइलवर फोटो-बिटो टाकती का?” निलंग्याहून आलेल्या मुलाच्या आईनं पोहे चिवडत विचारलं.

ऋतुजाच्या वडिलांनी, अण्णारावांनी, घाईनं मान हलवली. तसलं काही नाही, उलट लातुरातच क्लास लावून स्पॅनिश शिकतेय, असं सांगितलं.

मग बोलून दाखव, असं फर्मान निघालं. पूर्वी मुलीला चालून दाखवायला लावत, आता स्पॅनिश. आमच्या रुद्रेशला येते, पुण्याच्या कंपनीत तो तीच बोलतो, हेही ऐकवून झालं.

रुद्रेश लाजून हसला. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि आईला विचारून आणलेलं हसू. पसंती झाली की येत्या मंगळवारी सुपारी फोडायची, असं अण्णाराव ठरवूनच बसले होते. असल्या नंदीबैलाशी! ऋतुजा मनात म्हणाली.

क्लासात नुकताच सोशल मीडियाचा धडा झाला होता. त्यातलं वाक्य तिनं उचललं: इन्स्टाग्रामवर माझी दोन खाती आहेत, मी रोज फोटो टाकते.

“काय म्हणली?” रुद्रेशच्या आईनं विचारलं.

“सोशल मीडिया आवडत न्हाई म्हणती,” रुद्रेश म्हणाला. “येळ वाया जातो.”

आई खूश झाली. ऋतुजाला हसू आवरेना. याला ओ की ठो कळत नव्हतं. घरात वासरांत लंगडी गाय शहाणी, दुसरं काय. तिला चेवच आला. मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये, गोड हसत, तिनं त्याच्या तोंडावर सांगून टाकलं: फोटोंत माझा मित्र असतो. सोमवारी नांदेडला सरकारी कचेरीत आम्ही लग्न करतोय. तू मूर्ख आहेस.

अण्णारावांनी कान टवकारले. “नांदेडचं काय?”

रुद्रेशनं पाण्याचा घोट घेतला. “तिथल्या मैत्रिणीचे फोटो बघती म्हणं. तेवढंच.”

पसंती सांगून मंडळी गेली. ऋतुजानं आनंदराजला फोनवर सगळा तमाशा ऐकवला. आनंदराज नांदेडचा, बौद्ध; अण्णारावांपुढे त्याचं नाव काढायची सोय नव्हती. तो हसला नाही. असं बोलायला नको होतं, म्हणाला. त्या ठोंब्याला काय कळतंय, ती म्हणाली.

सोमवारी परीक्षेचं निमित्त काढून ती नांदेडला पोचली. लग्नाच्या नोटिशीचा महिना उलटला होता, कागद तयार होते. पण साक्षीदार तीन लागतात, आणि आनंदराजच्या एका मित्रानं ऐनवेळी घाबरून फोन बंद केला. तिसरा माणूस आणा नाहीतर उद्या या, कारकुनानं सांगितलं. उद्या तर सुपारी होती.

तेवढ्यात दारात रुद्रेश दिसला. म्हणजे याला सगळं कळलं होतं. आता मागोमाग अण्णाराव येणार, भावकी येणार. ऋतुजानं आनंदराजचा हात घट्ट धरला.

रुद्रेश तिच्याकडे न बघता टेबलापाशी गेला आणि आधार कार्ड काढून कारकुनासमोर ठेवलं.

“तिसरा साक्षीदार मी,” तो म्हणाला. “लिव्हा.”